आल्टेनक्रॉइत्स, मार्गे मोशी

जर्मनीत आल्टेनक्रॉइत्स नावाचं एक गाव आहे. त्या गावाच्या रेल्वे जंक्शनचा इतिहास जगात फार तर दोन ठिकाणी तोंडपाठ असेल. एक खुद्द आल्टेनक्रॉइत्समध्ये, आणि तिथेही तो असेलच याची मी हमी देत नाही, कारण मी जाऊन आले आहे. दुसरं ठिकाण म्हणजे चाकणच्या आमच्या कंपनीची स्टाफ बस. आमच्या पेंटशॉपमधल्या पोरांना स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं तर डोकं खाजवतात, पण आल्टेनक्रॉइत्सच्या स्टेशनाला दोन घड्याळं का होती हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. याचं सगळं श्रेय, किंवा सगळा दोष, सांडभोर अण्णांचा.

लक्ष्मण सांडभोर हे आमचे ट्रान्सपोर्ट सुपरवायझर. म्हणजे कुठली बस कधी सुटणार हे ठरवणारे, आणि ती का सुटली नाही याबद्दल शिव्या खाणारे. त्यांची वाडी मोशी आणि चाकणच्या मधे. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, बदल्यात पैसे आले, पैसे भावकीत आणि भाच्यांच्या लग्नांत गेले, आणि उरली ती ही नोकरी. बुटका बांधा, छाती पुढे, कडक इस्त्रीचा सफारी आणि डोक्यावर कुठल्याशा रंगाच्या डब्याबरोबर फुकट मिळालेली लाल टोपी. ही टोपी म्हणजे थट्टेचा विषय आहे असं ज्यांनी ज्यांनी गृहीत धरलं, त्यांना पुढचे काही महिने बसमध्ये मागच्या चाकावरची सीट मिळाली.

अण्णा माणसाला नावाने हाक मारत नसत, खात्याने मारत. मी क्वालिटी. माझ्या शेजारी बसणारा मुलगा स्टोअर. एकदा कंपनीचे मोठे साहेब गाडी बंद पडली म्हणून बसमध्ये चढले तेव्हा अण्णांनी त्यांना, "ओ मॅनेजमेंट, जरा आत सरका, बायांना चढू द्या," असं सांगितलं होतं. साहेब सरकले. त्यांच्या कारकिर्दीत बहुधा पहिल्यांदाच त्यांनी कुणाला जागा करून दिली असेल.

आता जंक्शनबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमचे चाकणमधे दोन प्लांट आहेत, जुना आणि नवा. दोघांच्या मधे चाकणचा चौक. ज्यांनी तो चौक सकाळच्या वेळी ओलांडला आहे त्यांना जास्त सांगायला नको, आणि ज्यांनी ओलांडला नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत. कंपनीच्या बस तीन. एक संत तुकाराम नगरहून, एक भोसरीहून, एक दिघीहून. पूर्वी प्रत्येक बस आधी चौक ओलांडून जुन्या प्लांटला जायची, मग पुन्हा तोच चौक ओलांडून नव्याला. नव्या प्लांटवाल्यांची निम्मी झोप आणि सगळी उमेद त्या चौकात संपायची. अण्णांनी ठरवलं की तिन्ही बस मोशीला, वजनकाट्याच्या शेजारच्या मोकळ्या मैदानात, एकमेकींना लागून उभ्या राहतील. माणसं खाली उतरतील, आपापल्या प्लांटची बस बघून चढतील, मग एक बस जुन्याला आणि दोन नव्याला. चौक दोनदा ओलांडायला नको. कल्पना चांगलीच होती, हे कबूल करायला मला काही वर्षं लागली.

पण अण्णांना चांगल्या कल्पनेवर थांबणं माहीत नव्हतं. त्यांनी तिला कायदा जोडला. तिन्ही बस येऊन पोचल्याशिवाय एकही बस मैदान सोडणार नाही. पाऊस असो, ऊन असो, टायर फुटो, मुख्यमंत्री येवो. मैदानाच्या मधोमध एक दगड होता, त्यावर अण्णा उभे. सगळे चढले की उजवा हात वर करून म्हणायचे, "सोड!" तोवर आम्ही खिडकीतून मालाच्या ट्रकांची वजनं होताना बघायची.

"अण्णा, आमचं काय चुकलं?" असं नवीन कुणी विचारलं की शेजारचे त्याला गप्प करायला बघायचे, कारण या प्रश्नाचं उत्तर लांब होतं आणि ते जर्मनीत सुरू व्हायचं.

नवा प्लांट उभा राहत होता तेव्हा जर्मनीहून क्राउझे नावाचे एक इंजिनियर मशिनी बसवायला आले होते. त्यांना हॉटेलवरून आणायचं-सोडायचं काम अण्णांकडे. क्राउझेंना मराठी येत नव्हतं, अण्णांना जर्मन आणि इंग्रजी दोन्ही येत नव्हतं, त्यामुळे दोघांची फार छान मैत्री झाली. जाताना क्राउझेंनी त्यांना आपल्या गावच्या स्टेशनाच्या इतिहासाचं एक जाडजूड सचित्र पुस्तक भेट दिलं. दुसऱ्या कुणीही ते शोकेसमधे ठेवलं असतं. अण्णांनी पिंपरीत जर्मनचा क्लास लावला. वर्गात सगळ्या कॉलेजच्या मुली, बाहेरदेशी शिकायला निघालेल्या, आणि मागच्या बाकावर सफारीतले अण्णा. पहिल्या परीक्षेत ते नापास झाले. दुसऱ्यांदा पास झाले आणि अख्ख्या बसला पेढे वाटले. एवढ्या कष्टाने मिळवलेली भाषा त्यांनी वापरली ती मुख्यतः ड्रायव्हरांवर ओरडायला. गायकवाड ड्रायव्हर बीडकडचा, भोसरीची बस चालवायचा. तो म्हणायचा, "मराठीत शिवी दिली की राग येतो बगा. ह्यांची कळतच नाही, त्यामुळं काम बी होतंय आन् भांडणं बी होत नाहीत."

तर तो इतिहास. अण्णांच्या तोंडून ऐकलं की वाटायचं, जर्मनी हा देश मूळचा खेड तालुक्यातलाच असणार.

"दोन राजं व्हते," अण्णा सुरू करत. "चुलतभाऊ. एकाचं रूळ उगवतीकडनं आलं, दुसऱ्याचं वरल्या अंगानं. आता जोडायचं कुठं? ह्यो म्हनतो माझ्या हद्दीत न्हाई, त्यो म्हनतो माझ्या हद्दीत न्हाई. भावकी म्हनल्यावर काय, कुनी बांधाला पाय लावू दीना. मधी एक कोबीचं वावर व्हतं. ना ह्याच्या गावात, ना त्याच्या. तितं बांधलं ठेसन. गाव मागनं आलं. आधी ठेसन, मग गाव."

"आणि घड्याळं?" कुणीतरी आगीत तेल ओतायचं.

"दोन. दोन दारं, दोन तिकिटाच्या खिडक्या, दोन मास्तर, आन् दोन घड्याळं. एका राजाचं जरा पुढं, दुसऱ्याचं जरा मागं. गाडी एका घड्याळापरमानं यायाची, तवर दुसऱ्या घड्याळापरमानं पुढची गाडी गेलेली असायची. लोकं बर्फात उभी. बाया, पोरं, म्हातारी. शेवटी दोगं मास्तर बसलं एका बाकावर आन् म्हनलं, राजं गेलं खड्ड्यात. घड्याळ बघायचंच न्हाई. समोरची गाडी आल्याबिगर आपली सोडायची न्हाई. त्याला म्हनत्यात आन्श्लुस. जोड."

कोबीचं वावर ज्याचं होतं त्या शेतकऱ्याबद्दल पुस्तकात एकच ओळ होती. अण्णांनीच मला हे एकदा सांगून टाकलं. पण एका ओळीवर भागवणारे ते नव्हेत. त्यांनी त्याला हान्स हे नाव दिलं, दोन मुली दिल्या, एक कज्जेदलाल भाऊ दिला आणि शेवटी त्याला त्याच स्टेशनावर रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्याची नोकरी लावून दिली. हान्सची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. आपल्याच वावरातून जाणाऱ्या गाड्यांना वाट करून देणारा माणूस. अण्णा स्वतःबद्दल कधी बोलत नसत, त्याची गरजही पडत नव्हती.

पुढे दोन महायुद्धं यायची, बॉम्ब पडायचे, स्टेशनाचं छप्पर उडायचं, परत बसायचं. गोष्ट संपायची ती शेवटच्या पानावरच्या रंगीत फोटोने. फलाटाच्या दोन्ही अंगाला दोन गाड्या, मधे लाल टोपीचा स्टेशनमास्तर, हात वर. त्या फोटोनंतर पुस्तकाला पानं नव्हती, त्यामुळे अण्णांच्या लेखी आल्टेनक्रॉइत्समधे त्यानंतर काही घडलंच नव्हतं. तो मास्तर अजून तिथेच उभा होता.

आम्ही या सगळ्याला हसत होतो. हसायचं नाही तर काय करायचं? सकाळी पोटात चहासुद्धा नसताना माणूस वजनकाट्याशेजारी उभा राहून बिस्मार्कच्या काळातल्या कोबीबद्दल ऐकतो, तेव्हा त्याला विनोदबुद्धीच लागते. मी तर खास वैतागलेली असायचे. माझं खातं क्वालिटी. आमच्याकडे उशीर हा दोष मानतात आणि दोषाला कारण द्यावं लागतं. "आज पुन्हा कशामुळे?" असं आमच्या खात्याच्या साहेबांनी विचारलं की मी सांगायचे, "हान्समुळे."

मग एकदा दिघीची बस अडकली. तिकडे लष्कराची जागा आहे, सकाळी फाटकातून ट्रकांचा ताफा निघाला की रस्ता बंद. त्या दिवशी ताफा संपतच नव्हता. दिघीच्या बसमधे बहुतेक बाया, वायरिंगच्या लाइनवरच्या. इकडे मोशीला दोन बस भरून उभ्या, आणि नव्या प्लांटला परदेशी पाहुणे यायचे होते. प्लांट हेडचा अण्णांना फोन आला. बाजूला उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू गेला, एवढा त्यांचा आवाज होता. ताबडतोब गाड्या सोडा. अण्णांनी फोन कानापासून थोडा लांब धरला आणि शांतपणे म्हणाले, "सायेब, सोडतो की. पन दिघीची गाडी मागनं आली तर तिच्यातल्या निम्म्या बाया जुन्या प्लांटच्या हायेत. त्यांना इथं मोशीला रस्त्यावर उतरवून ती गाडी नव्याला जानार. मग त्यांनी चाकनला कशानं जायाचं? ट्रकवाल्याला हात करून? सांगा, तसं सोडतो." पलीकडून फोन ठेवला गेला. दिघीची बस आली, संगीता नावाची वायरिंगची लाइन लीडर सगळ्यांत शेवटी उतरली आणि जाता जाता म्हणाली, "अण्णा, आम्हाला वाटलं तुम्ही गेला असाल." अण्णांना याचा एवढा अपमान वाटला की त्या दिवशी त्यांनी 'सोड' सुद्धा रागानेच म्हटलं. त्या दिवसानंतर मी साहेबांना कारण म्हणून हान्सचं नाव सांगायचं बंद केलं. कारण तेच होतं, पण ते विनोदाचं राहिलं नव्हतं.

आणि मग एक अघटित घडलं. मूळच्या जर्मन कंपनीने वर्धापनदिनासाठी प्रत्येक देशातून एक जुना कर्मचारी बोलावला, आणि आमच्याकडून अण्णांचं नाव गेलं. मला तेव्हाच एका प्रशिक्षणासाठी जायचं होतं, म्हणून त्यांना सांभाळून न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. विमानात त्यांनी सगळ्यांचं चढून झालं का याची खात्री होईपर्यंत पट्टा बांधला नाही. समारंभात भाषणं झाली, ज्यात आमच्या चाकणचा उल्लेख एकदा झाला आणि उच्चार चुकला. अण्णांना याचं काही नव्हतं. ते रविवारची वाट बघत होते. बाकी पाहुणे किल्ला बघायला गेले. आम्ही दोघं आल्टेनक्रॉइत्सला गेलो.

स्टेशन होतं. म्हणजे भिंती होत्या. पुस्तकातल्या दोन दारांपैकी एक विटांनी बुजवलेलं, दुसऱ्याच्या आत कबाबचं दुकान. तिकिटाच्या खिडक्यांच्या जागी एक मशीन, त्यावर कुणीतरी रंगाने काहीबाही लिहिलेलं. दोन घड्याळांपैकी एकाला काटे नव्हते. फलाटावर लाल टोपी एकच, अण्णांची. अण्णा सगळं बघत फिरले. हाताने भिंत चाचपली. कबाबवाल्याला त्यांनी आपल्या जर्मनमधे दोन राजांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. तो बिचारा स्वतःच कुठल्या तरी दुसऱ्या देशातून आलेला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना चहा दिला, फुकट.

मला वाटलं अण्णा आता खचतील. मी सांत्वनाची वाक्यं तयार करून ठेवली होती. ते म्हणाले, "इमारतीचं काय घेऊन बसलाय, क्वालिटी. ती पडती, परत बांधत्यात. जोड हाय का बघू."

आणि आम्ही बाकावर बसून जोड बघू लागलो. परतीची आमची गाडी समोर उभी होती, पण अण्णा चढायला तयार नाहीत. दुसऱ्या बाजूची गाडी यायची होती. ती उशिरा आली. जर्मनीत गाड्या उशिरा येतात हे मला तिथल्या प्रत्येक माणसाने सांगितलं होतं, पण मी ते अण्णांपासून लपवून ठेवलं होतं. दारं उघडली, लोक धावत सुटले. पुलाच्या पायऱ्यांवरून एक म्हातारी काठी टेकत उतरत होती. आणि आमच्या बाजूच्या गाडीची दारं वाजायला लागली, बंद होण्याआधी वाजतात तशी.

अण्णांनी काय केलं? जे मोशीला कुणीही केलं असतं तेच. दारात पाय घातला.

गाडी बोंबलायला लागली. स्पीकरवरून कुणीतरी ओरडलं. आतले लोक मान वर करून बघायला लागले, आणि त्या सगळ्या शिस्तप्रिय चेहऱ्यांसमोर आमचा ट्रान्सपोर्ट सुपरवायझर एक पाय गाडीत आणि एक फलाटावर ठेवून, हात हलवत, खणखणीत आवाजात ओरडत होता, "आन्श्लुस! आन्श्लुस! आजीबाई, चला पटापट!" मी लाजेने अर्धमेली झाले. मला पासपोर्ट जप्त झालेला दिसत होता. म्हातारी पोचली, अण्णांनी तिला हात देऊन आत चढवलं, तेवढ्यात गार्ड धावत आला आणि त्याने अण्णांना दारातून बाजूला केलं. दारं लागली. गाडी गेली. म्हातारी गाडीत, आम्ही फलाटावर. गार्ड जाता जाता काय म्हणाला ते मला कळलं नाही, अण्णांना कळलं, पण त्यांनी त्याचं भाषांतर केलं नाही.

पुढच्या गाडीला खूप वेळ होता. थंडी मरणाची. अण्णांनी मला आपला मफलर दिला. मी अत्यंत चिडले होते आणि ते मी त्यांना सांगितलंही. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "त्या मास्तरला मी लई मानत व्हतो." एवढंच. फोटोतल्या त्या मास्तरबद्दल. मला एकदम इतकं वाईट वाटलं की माझा राग कुठल्या कुठे गेला. मी मफलर परत केला तर तो त्यांनी घेतला नाही.

परत आल्यावर पहिल्याच सकाळी मोशीला सगळ्यांनी त्यांना घेरलं. पोरं, बाया, ड्रायव्हर. "अण्णा, कसं हाय आल्टेनक्रॉइत्स?"

अण्णा दगडावर चढले. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "जसं पुस्तकात तसंच. एका म्हातारीसाठी गाडी थांबली, माझ्या डोळ्यांनी बघितली." वाक्य खरं होतं, अक्षरशः. क्वालिटीच्या माणसाला त्यात खोट काढता येईना. मी काढलीही नाही.

मग आमच्याकडे नवे ॲडमिन मॅनेजर आले. गोड बोलणारे, तरुण, प्रत्येक वाक्यात एक आकडा. त्यांनी पडद्यावर एक तक्ता दाखवला. त्यात मोशीचं जंक्शन लाल रंगात होतं आणि त्याला 'वाया जाणारा वेळ' असं नाव होतं. त्यांनी ॲप आणलं. आता छोट्या गाड्या असतील, कंत्राटदाराच्या, प्रत्येक प्लांटला थेट. वेळ झाली की गाडी सुटणार. उशीर झाला तर मोबाईलवर एक रडका चेहरा येणार आणि खाली लिहिलेलं असणार की पुढच्या वेळी लवकर निघा. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, मीही वाजवल्या. थेट गाडी कुणाला नको असते? टाळ्या वाजवताना अण्णा मागच्या रांगेत बसले होते हे माझ्या लक्षात होतं, आणि मी मागे वळून बघितलं नाही.

अण्णांनी सभेत एकच प्रश्न विचारला. "सायेब, दिघीची गाडी अडकली, तर तिच्यासाठी कोन थांबनार?"

"अण्णा, थांबायची गरजच राहणार नाही. सगळ्या स्वतंत्र गाड्या आहेत."

"म्हंजी कुनीच न्हाई," अण्णा म्हणाले आणि खाली बसले.

महिनाअखेरीला अण्णा निवृत्त होणार होते. ॲप दुसऱ्या दिवसापासून. म्हणजे त्यांचा शेवटचा दिवस तोच जंक्शनचाही शेवटचा. कंपनीने सोयीस्कर दिवस निवडला होता. दुपारी कॅन्टीनमधे केक, एक शाल, एक भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ कुणी निवडलं देव जाणे.

त्या सकाळी माझ्याकडे ग्राहकाचं ऑडिट होतं, त्यामुळे मी नेहमीपेक्षा जास्त घाईत. संत तुकाराम नगरची आमची बस मोशीला आली. भोसरीची आली. दिघीचीही वेळेत आली, ताफा नाही, काही नाही. लोकांनी उतरून बस बदलल्या, मी गायकवाडच्या बसमधे चढले. सगळे बसले. आणि दगडावर कुणी नव्हतं.

आम्ही थांबलो. सवयीने. ॲप चाचणीसाठी सगळ्यांच्या मोबाईलवर आधीच टाकून दिलेलं होतं. ते एकदम सगळ्या खिशांतून वाजलं, 'तुमची बस सुटली आहे'. आम्ही त्या बसमधेच बसलेलो होतो.

गायकवाड ड्रायव्हरने अण्णांना फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, स्पीकरवर. अण्णा घरी होते.

"मी रजा टाकलीया," अण्णा म्हणाले. "दुपारी येतो, शाल घ्यायला. जंक्शन मोडताना मी कशाला बघत उभा राहू? सोडा गाड्या."

गायकवाडने आरशातून मागे बसलेल्या आम्हा सगळ्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "अण्णा, समदे आल्याबिगर गाडी सोडायची नसती. तुमचाच नियम हाय. एक माणूस यायचा राहिलाय." आणि त्याने फोन ठेवून दिला. इंजिन बंद केलं. मग शेजारच्या बसचं इंजिन बंद झालं. मग तिसरीचं.

कुणीतरी मागून म्हणालं, "लेट मार्क पडंल राव." दुसऱ्याने सांगितलं, "पडू दे की." कुणी उतरलं नाही, कुणी भांडलं नाही. आमच्या साहेबांचा फोन आला, ऑडिटर गेटवर पोचलेत, तुम्ही कुठे आहात? मी म्हणाले, "मोशीत. जोडगाडी यायची आहे." साहेब जे बोलले ते मी अण्णांसारखाच फोन लांब धरून ऐकलं. मला भीती वाटत होती आणि आनंदही होत होता, दोन्ही एकदम.

बऱ्याच वेळाने अण्णांची स्कूटर वळणावर दिसली. सफारी नाही, टोपी नाही. लेंगा, वर उलटसुलट बटणं लावलेला शर्ट, दाढी अर्धवट. स्कूटर आडवी टाकून ते तरातरा आले.

"काय खूळ लागलं का रं तुमाला? कामावर जायाचं सोडून! कुनासाठी थांबलाय?"

शेजारच्या बसच्या दारातून संगीता म्हणाली, "तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?" अण्णा भडकले. "मी काय पाशिंजर हाय का?"

"आज आहात," ती म्हणाली. "बसा की."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं, मग आम्हा सगळ्यांकडे, तिन्ही बसच्या सगळ्या खिडक्यांकडे. इतकी वर्षं ते बोलायचे थांबावेत म्हणून आम्ही नवस करत होतो, आणि त्या दिवशी ते गप्प झाले तर मला रडू आलं. ते हळूच पायऱ्या चढून आमच्या बसमधे आले. माझ्या शेजारच्या स्टोअरने उठून खिडकीची जागा दिली. अण्णा बसले. या बसमधे ते बसलेले मी पहिल्यांदाच बघत होते. कुठे हात ठेवावे हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून त्यांनी ते मांडीवर ठेवले.

इंजिनं सुरू झाली. पण बस हलेना. तिन्ही ड्रायव्हर मैदानाकडे बघत होते आणि मैदानात हात वर करायला कुणी उरलं नव्हतं.

अण्णांच्या ते लक्षात आलं. त्यांनी खिडकीची काच सरकवली, हात बाहेर काढला आणि तसाच धरला. मान वळवून मागच्या रस्त्याकडे बघितलं, पार वळणापर्यंत, अजून कुणी धावत येतंय का ते. कुणी नव्हतं. तरी त्यांनी आणखी एकदा बघितलं.

मग म्हणाले, "सोड."